सुईवर आळ

हिरामण भोईराच्या पाठीत सुई गेली ती पौषात, आणि चैत्र उजाडला तरी सोनिवलीत त्या सुईची लांबी वाढतच होती. इस्पितळातून आला त्या दिवशी ती करंगळीएवढी होती. आठवड्याने दाभणाएवढी झाली. होळीच्या सुमारास तिने बैल हाकायच्या पराणीची बरोबरी गाठली, आणि हिरामण ती सांगताना दोन्ही हात असे काही फाकवायचा की ऐकणाऱ्याचा हात आपसूक स्वतःच्या कमरेवर जायचा.

खरी गोष्ट एवढीच होती. हिरामणला चार वर्षं अंतर्गळ होता. जांघेत लिंबाएवढी गाठ यायची, आडवं झालं की जायची. खोकला आला की आधी तिथे हात दाबून धरायचा आणि मग खोकायचं, अशी त्याला सवयच लागली होती. बायको अंजनी रोज भाजीची पाटी घेऊन उल्हासनगरला, दोन नंबर कॅम्पात जायची. तिथल्या मोतीबाई नावाच्या सिंधी गिऱ्हाइकाच्या नवऱ्याचं असलंच दुखणं कापून बरं झालं होतं. मोतीबाई भाजीच्या भावात हटून बसायची, पण सल्ला सढळ हाताने द्यायची. अंजनीने तो सल्ला रिकाम्या पाटीत घालून घरी आणला आणि पंधरा दिवसांत नवऱ्याला टेबलावर निजवलं.

कॅम्पातल्या सरकारी इस्पितळात डॉक्टर हिंगोराणींनी त्याला कुशीवर वळवलं, गुडघे छातीशी घ्यायला लावले आणि मणक्यात सुई दिली. थोड्या वेळाने हिरामणला कमरेखाली काही उरलंच नाही. त्याने चोरून मांडीला चिमटा काढला. मांडी दुसऱ्याच कुणाची असावी तशी गप्प राहिली.

"डॉक्टर, माझं पाय कुठं गेलं?"

"इधर ही हैं," डॉक्टर म्हणाले. "थोडी देर के लिए हमने रख लिये. शाम को वापस देगा."

संध्याकाळी पाय परत मिळाले. निघताना डॉक्टरांनी बजावलं, की सुईची जागा अजून दोन-चार दिवस ठणकेल, तिकडे लक्ष द्यायचं नाही. मात्र सहा महिने काही जड उचलायचं नाही, पाण्याची बालदीसुद्धा नाही. शेजारच्या खाटेवर कर्जतकडचा एक माणूस होता. त्याने हेच दुखणं लपवून ठेवलं होतं, आणि आतडं गाठीत अडकून काळं पडल्यावर त्याला आणलं होतं. तो तिसऱ्या दिवशी गेला. सुईची गोष्ट गावभर रंगवणाऱ्या हिरामणने ही गोष्ट मात्र कुणालाच सांगितली नाही.

सोनिवलीच्या गावदेवीची पालखी चैत्री पौर्णिमेला निघते. पालखीला चार खांदे, आणि उजवा पुढचा खांदा भोईरांचा. हिरामणच्या आज्याने उचलली, बापाने उचलली, आणि गेली अकरा वर्षं हिरामण उचलत होता. वर्षाचे बाकीचे दिवस त्याला गावात कुणी फारसं विचारत नसे. भाताचा तुकडा बेताचा, घर कुडाचं, बोलण्यात उगाच मीठमसाला. पण त्या एका दिवशी तो दांडा खांद्यावर घेऊन निघाला की म्हातारेसुद्धा वाट सोडायचे. त्या दिवसाच्या जोरावर तो उरलेलं वर्ष काढायचा.

या मानाचे नियम कडक. आजारपणाने एखाद्याला जमलं नाही तर खांदा त्याच्या भाऊबंदाकडे जायचा, आणि एकदा गेला की तिकडेच राहायचा. देवीला नव्या खांद्याची सवय होते म्हणत. त्याहून मोठा नियम दुसरा. पालखीला जड म्हणायचं नाही. देवीचं ओझं होत नाही. ज्याच्या मनात खोट असेल त्यालाच ती जड लागते, असं सगळं गाव मानायचं. तोंडातून तो शब्द निघाला, तर पाच नारळ फोडायचे आणि साऱ्या घराण्याने खांदा सोडायचा. फार वर्षांपूर्वी एका घराण्याचा डावा मागचा खांदा असाच गेला होता, आणि त्यांची नातवंडं अजून पालखीच्या दिवशी गावाबाहेर पाहुणी जायची.

आता डॉक्टरांचा हुकूम आणि देवीचा मान यांचा मेळ घालायचा कसा, हा प्रश्न हिरामणने एका दुपारी चिलीम ओढता ओढता सोडवला. डॉक्टरांनी जड उचलू नको म्हटलं. पालखी जड नसते. म्हणजे डॉक्टरांनी पालखी नको म्हटलेलंच नाही. इतका सरळ हिशेब डॉक्टरलाही पटला असता, असं त्याला मनापासून वाटलं. त्याने अर्थातच डॉक्टरला विचारलं नाही.

फक्त एक अडचण होती. पडून पडून अंग आळसावलेलं होतं, म्हणजे सराव हवा. पेंढ्याच्या उडवीमागे घर शाकारताना उरलेला एक सागवानी वासा पडला होता. अंजनी कॅम्पात गेली की हिरामण त्याच्या दोन टोकांना रॉकेलचे दोन डबे पाणी भरून लटकवायचा, वासा उजव्या खांद्यावर घ्यायचा, आणि उडवीभोवती दहा फेऱ्या मारायचा. वासा जड होता, पण तो देवीसाठी होता, तेव्हा तोही जडात धरायचं कारण नव्हतं. अंजनी यायच्या आत डबे जागेवर, वासा जागेवर, आणि हिरामण खाटेवर. तिने पाण्याचा तांब्या आणून हातात दिला की कण्हत घ्यायचा.

कण्हणं मात्र खोटं नव्हतं. सुईची जागा पाचव्या दिवशीच थंडावली होती, पण माघ सरता सरता कमर पुन्हा धरली. वाकलं की कळ, उठलं की कळ. हिरामणला त्यात नवल वाटलं नाही. पाठीत सुई गेली, पाठ दुखते. गुन्हेगार समोर असताना पोलीसही जास्त शोधत नाहीत.

रोज सकाळी त्याचा चुलतभाऊ बाळाजी राखुंडीने दात घाशीत ओट्यावर येऊन बसायचा. दोघांची घरं पाठीला पाठ लावून होती. बाळाजी सहा वर्षांनी लहान, अंगाने थोराड, स्वभावाने गरीब. पण हल्ली तो एकच विषय काढायचा.

"कंबर कशी हाय, दादा?"

"दुखते."

"अजून? सुई देताना जास्ती दुखलं, का मागून?"

"दोन्ही."

"आनि पाय जातात ते नक्की परत येतात ना?"

हिरामणला यातलं सगळं कळायचं, असं त्याला वाटायचं. खांदा गेला तर तो बाळाजीकडे जाणार होता. म्हणजे हा रोज येतो तो माझी कमर मोजायला, वैद्यासारखा नाही, वारसासारखा. मग हिरामणही चिडून सुई आणखी चार बोटं लांबवायचा. असली सुई सोसलेला माणूस पालखीला काय भितो, हे बाळाजीच्या डोक्यात शिरावं म्हणून. बाळाजी ऐकता ऐकता पांढरा पडायचा आणि राखुंडी तशीच तोंडात ठेवून घरी जायचा. हिरामणला बरं वाटायचं.

पालखीला आठ दिवस उरले तेव्हा एका सकाळी हिरामणला खाटेवरून उठताच येईना. अंजनीने पाटी खाली ठेवली.

"चला. त्या डॉक्टराला इचारते, माझ्या नवऱ्याच्या पाठीत काय ठेवलंस म्हणून."

"राहू दे गं."

"राहू दे कशाला? तीन महिने या मानसानं तांब्या उचलला नाय, नि कंबर मोडली कशी?"

बदलापूरपर्यंत बैलगाडीने आणि पुढे आगगाडीने तिने त्याला नेलं, आणि वाटभर ती डॉक्टरला काय बोलायचं याची उजळणी करत होती. कॅम्पात भाजी विकून तिची हिंदी चांगलीच धारदार झाली होती.

डॉक्टर हिंगोराणींनी तिचं भांडण शांतपणे ऐकून घेतलं. मग हिरामणला पालथं निजवून मणक्यावर सुईच्या जागी अंगठा दाबला. "दुखता है?" नाही दुखलं. अंगठा उजवीकडे सरकवून कमरेच्या वर दाबला. हिरामण ओरडला. डॉक्टरांनी सदरा वर केला, आणि उजव्या खांद्यावर बोट फिरवलं. तिथली कातडी काळी पडून जाड झाली होती.

"ये हमाली कहाँ करता है?"

"हमाली?" अंजनी म्हणाली. "घर में तांब्या नहीं उठाता."

"तांब्या नहीं उठाता होगा. लेकिन कुछ तो उठाता है. रोज उठाता है." डॉक्टर हिरामणच्या तोंडासमोर वाकले. "सुई का दर्द बीच में होता है, चार दिन में जाता है. ये दर्द सुई ने नहीं दिया. बोलो, क्या उठाया?"

हिरामणने उशीत तोंड खुपसून वाशाचं सांगितलं. डब्यांचंही सांगितलं. पालखी जड कशी नसते हेही सांगायला सुरुवात केली, पण अंजनीच्या तोंडाकडे पाहून अर्ध्यावर थांबला. डॉक्टरांनी टाक्याची जागा खोकायला लावून तपासली. टाका टिकला होता, नशीब म्हणायचं. पालखी उचलली तर टिकणार नाही, हे त्यांनी हिंदीत एकदा आणि मोडक्या मराठीत एकदा सांगितलं.

परत येताना गाडीत अंजनी बोलली ती अंबरनाथ मागे पडल्यावर.

"चार वर्षं तुमचा हात जांघेत बघून माझा जीव जायचा. खोकलात की मी चुलीपुढं दगड व्हायची. आता बरे झालात, तर वासा घेऊन फिरता?" तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसत नव्हती. "पालखी उचललीत तर मी आपली पाटी घेऊन जाईन. तुमाला बघायला थांबायची नाय."

हिरामण तिच्या शेजारी चोरासारखा बसून होता. खांदा हातचा जाणार हे त्याला त्या क्षणी कळलं. तरी तो हो म्हणाला. फक्त गावाला वाशाचं सांगू नको, एवढी अट घातली. सुईने कमर गेली म्हणून खांदा सोडला, म्हटलं तर लोक हळहळतील. वाशाने गेली म्हटलं तर पुढच्या तीन पिढ्या हसतील.

"सुईनं तुमचं काय घोडं मारलंय?" अंजनी म्हणाली. पण गप्प राहायचं तिने कबूल केलं.

पौर्णिमेच्या दुपारी देवळासमोर गाव गोळा झालं. ढोल लागले, धूप पेटला, पालखी फुलांनी झाकली गेली. हिरामण काठी टेकत पुढे आला आणि त्याने ठरवलेलं भाषण केलं. सरकारी सुईने आपली कमर नेली, नाहीतर आपण देवीला कधी नाही म्हटलं नसतं. आता भोईरांचा खांदा बाळाजी चालवील. बायकांनी चुकचुक केली. एका म्हाताऱ्याने त्या सुईला शिवी हासडली. भाषण उत्तम झालं, आणि आपलं सर्वस्व आपण आपल्या हाताने देतोय हे ठाऊक असूनही हिरामणला त्यातली हळहळ थोडी गोड लागली.

बाळाजी पुढे आला. तो खूश असेल असं हिरामणला वाटलं होतं. पण त्याचा चेहरा रोज सकाळी ओट्यावर व्हायचा तसाच पांढरा होता. तो दांड्याशी पोचला, धुपाचा लोट त्याच्या तोंडावर आला, आणि त्याला खोकला आला. खोकण्याआधी त्याचा उजवा हात झटकन जांघेकडे गेला. तिथे दाबून धरला. मग तो खोकला.

गावात आणखी कुणाच्या ते ध्यानातही आलं नसतं. हिरामणने ते चार वर्षं केलं होतं. रोज सकाळचे ते सगळे प्रश्न त्याला एकदम नव्याने ऐकू आले. सुई दुखते का, पाय परत येतात का. बाळाजी कमर मोजायला येत नव्हता. तो धीर मागायला येत होता, आणि आपण त्याला रोज पराणी दाखवत होतो.

तो बाळाजीच्या कानाशी गेला. "कवापासून?"

बाळाजीने त्याच्याकडे पाहिलं आणि खोटं बोलायचा विचार सोडून दिला. "दोन वर्षं. आता गाठ कधी कधी आत जात नाय."

"मंग इस्पितळात का नाय गेलास?"

"तीन महिने तुझी कंबर सरळ होत नाय दादा. मना दोन पोरी हायत. मी खाटेवर पडलो तर त्यांना कोन बघंल?"

"उचलू नको."

"गावापुढं काय सांगू? जाऊ दे. एकच फेरी हाय."

ढोलवाले थांबले होते. बाकीचे तीन खांदे दांड्याखाली वाकलेले होते. हिरामणच्या डोळ्यांपुढे कर्जतचा तो माणूस आला, त्याची दुसऱ्या दिवशीची वाळलेली जीभ, तिसऱ्या दिवशी गुंडाळलेली त्याची गादी. बाळाजीचं दुखणं चव्हाट्यावर मांडायचा त्याला हक्क नव्हता. पण भोईरांच्या खांद्यावरच पालखी येऊ नये अशी एक वाट होती, आणि ती त्यालाच ठाऊक होती असं नाही, सगळ्या गावाला ठाऊक होती.

त्याने बाळाजीला बाजूला सारलं. काठी टाकली. दांड्याखाली खांदा लावला. गर्दीतून अंजनीने त्याच्या नावाने हाक मारली, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. हिरामणने उचललं नाही. नुसता खांदा लावून तो सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला.

"जड हाय."

पाटील पुढे आला. "काय बोललास?"

"जड हाय. भोईरांना जड हाय. आमच्याच्यानं होनार नाय."

सगळेच एकदम बोलायला लागले. कुणाला वाटलं त्याच्या अंगात आलं, कुणाला वाटलं सुई डोक्यात चढली. त्याची म्हातारी आत्या तोंडावर पदर घेऊन तिथेच खाली बसली, आणि तिच्याकडे पाहणं हिरामणला सगळ्यात अवघड गेलं. पाटलाने पुन्हा एकदा विचारलं, कारण असल्या गोष्टी दोनदा विचारायची रीत होती. हिरामणने मान हलवली. पाच नारळ आणले गेले, ते त्याने एकेक करून फोडले. भोईरांच्या जागी जनू म्हात्रे दांड्याखाली शिरला. ढोल वाजले, पालखी उठली, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा हिरामणने ती मागून पाहिली. तो रडला. कमरेमुळे रडतोय असं कुणाला वाटलं असेल तर त्याने ते खोडून काढलं नाही.

पालखी नदीकडे गेल्यावर त्याने बाळाजीला उडवीमागे नेलं. वासा दाखवला, डबे दाखवले, खांद्यावरचा घट्टा दाखवला. सगळं सांगितलं, एकही बोट न वाढवता. बाळाजीने वाशावरून हात फिरवला.

"म्हंजे मी तीन महिने या वाशाला भ्यालो?"

"होय."

"नि सुई?"

"करंगळीएवढी. मुंगी चावते तितकी दुखते. पाच दिवस जागा ठणकते, मंग ती कुठं होती ते पन आठवत नाय."

बाळाजीने वाशाला लाथ मारली. मग पायच धरून बसला, कारण वासा सागाचा होता. हिरामणला हसू आलं, बाळाजीलाही आलं, आणि हसता हसता दोघांचेही हात सवयीने जांघेकडे गेले.

पुढच्या सोमवारी अंजनीने भाजीच्या पाटीबरोबर दोन भोईर इस्पितळात नेले. बाळाजीची गाठ अगदी वेळेवर निघाली. आणखी महिनाभर थांबता तर सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी हिरामण त्याच्या खाटेपाशी बसून मोसंबं सोलत होता.

"कंबर दुखते जरा," बाळाजी म्हणाला.

हिरामणचा हात थांबला.

"जरा म्हंजे जराच," बाळाजी म्हणाला. "तू बोललास तितकीच." मग तो छताकडे बघत राहिला. "दादा, तू जड बोललास ते कोनासाठी, ते मना तिथंच कळलं होतं. मी बोलायला पायजे होतं. माझं मी सांगितलं असतं तर खांदा दुसऱ्या भाऊबंदाकडं गेला असता, पन भोईरांतच राहिला असता. पन मी भ्यालो आनि गप बसलो."

हिरामणला हे ठाऊक होतं. गेले आठ दिवस तो त्यावरच विचार करत होता, आणि काही वेळा बाळाजीचा त्याला फार रागही आला होता. खांदा गेला तो गेलाच. पुढच्या चैत्रात, त्याच्या पुढच्या चैत्रातही, पालखी दुसऱ्याच्या खांद्यावरून त्याच्या दारापुढून जाणार होती, आणि ते त्याला सोसायचं होतं. त्याने मोसंब्याच्या फोडी वेगळ्या केल्या आणि एक बाळाजीच्या तोंडात घातली.

"तुझ्या पोरी दारात उभ्या हायत," तो म्हणाला. "त्यांना आत घेऊ का?"